सात नंबर

जर्सी हातात आली तेव्हा तिच्यावर नाव नव्हतं,
नुसता सात.
कॉलरच्या आत निळ्या बॉलपेननं बारीक: आ. सो.
म्हणजे आम्रपाली सोनकांबळे,
जी आता जालन्याला पोलिसात आहे
आणि जिचा सूर धाराशिवच्या मैदानावर
अजून हातवारे करून सांगतात.

क्लबच्या पेटीतून काढली तर वास नव्हता.
काखेला नाक लावलं, पाठीला लावलं,
फक्त डांबरगोळी.
मग चौथ्या मिनिटाला अंग तापलं
आणि पाठीमागून कुणी खो द्यावा
तसा तो उठला,
माझा नसलेला घाम.
शेजारच्या चौकोनातून नौशीन म्हणाली,
कोण मेलंय गं तुझ्यात?

धुतली. पावडर दुप्पट टाकली.
आमच्या बोअरच्या पाण्याला फेस येत नाही
आणि आला तर जात नाही.
वाळल्यावर जर्सी पापडासारखी
एकटी उभी राहिली कोपऱ्यात,
दुसऱ्या दिवशी चौथ्या मिनिटाला पुन्हा तीच.
उकळत्या पाण्यात घातली,
सातच्या आकड्याला तडे गेले,
वास उलट पक्का झाला.
पाच रुपयांची सुगंधी पुडी आणली:
वर मोगरा,
मोगऱ्याच्या खाली आम्रपाली.

आई म्हणाली, काय करायलीस?
सुती असती तर दोन आपटण्यात सरळ झाली असती.
सूत पाणी पितं, घामही पितं, आणि सगळं सोडून देतं.
हे तुमचं प्लास्टिक पाण्याला शिवत नाही,
अंगाचं तेल मात्र धरून बसतंय.
आई सहा घरचे कपडे धुते.
तिला कपड्यांचं कळतं.
माणसांचंही कळतं, त्यावर ती बोलत नाही.

उपाय सांगितला मन्मथअप्पांनी,
जे असल्या कापडाला इस्त्री लावतच नाहीत,
नुसतं हातानं सारखं करून परत देतात, फुकट.
म्हणाले, आधी उलटी कर.
घाम आत बसलाय, तू बाहेरून धुवायलीस.
वाटीभर पांढरं व्हिनेगर, चार वाट्या पाणी,
गार,
बोअरचं नको.
अर्धा तास विसरून जा.
मग चिमूटभर पावडर, जास्त नाही,
सावलीत, वाऱ्यावर.
आणि खेळ झाला की पिशवीत कोंबू नकोस पोरी,
कोंबलं की आंबतं.

व्हिनेगर मिळालं स्टँडमागच्या चायनीजच्या गाडीवर,
पेप्सीच्या बाटलीत, अर्धी.
नळाला पाणी आठव्या दिवशी.
तोवर तीन सामने
मी नौशीनपासून लांब बसायला बघत होते,
पण खो-खोत लांब बसता येत नाही.

आठव्या दिवशी पहाटे घमेल्यात उलटी जर्सी बुडवली.
पाण्याचा रंग बदलला.
मळकट, पिवळसर, वर बारीक तवंग.
त्यात तिचा परळीचा डाव असेल,
गुडघा फुटला तरी न थांबलेला,
भरतीच्या आधीच्या पहाटा असतील,
आठशे मीटर, पुन्हा आठशे मीटर,
बुटाचा तळ सुतळीनं बांधून.
हे मला तिनं सांगितलेलं नाही.
आम्ही एकदाही बोललो नाही.

ओतताना हात थांबला जरा.
पण आमच्याकडे पाणी वाया घालवायची सोय नाही,
कढीपत्त्याच्या बुडाशी ओतलं.
त्याला आंबट चालतं,
ताक घालतोच की आपण.

रविवारी चौथं मिनिट आलं आणि गेलं.
पाचवं गेलं.
मला उगाच चुकल्यासारखं झालं,
खांबाजवळ अर्धं पाऊल उशीर झाला, सर ओरडले.
सहाव्याला काहीतरी उठलं.
मान वळवून हुंगलं:
माझंच होतं,
कच्चं, कांद्यासारखं, कालच्या भाकरीवरचं.
नौशीन नाक दाबून हसली,
तेवढ्यात पाठीवर थाप पडली
आणि मी उठले.

कॉलरच्या आत आ. सो. अजून आहे.
थोडं पसरलंय.
बॉलपेनवर व्हिनेगर चालत नाही म्हणतात,
मी विचारलंही नाही कुणाला.