चाळणी

फैजपूर, रात्रीचे साडेनऊ.
चुडामण आबांनी पाय ठेवला वर्तमानपत्रावर.
पेन्सिल फिरवली मी कडेकडेनं;
टाच केळीच्या भावांवर,
अंगठा थेट निधनवार्तेत.
सव्वीस सेंटिमीटर. बरं.

अकरा हजार चारशे जोड.
"एवढे पाय तरी हायेत का तालुक्यात?"
आठ नंबर, टिचकी: नऊशे.
रुंद पंजा: एकशे बारा.
दोन हजारांच्या आत: एकतीस.
रंग काळा. हे मीच ठरवलं.

आबा जवळ सरकले.
"चाळणी हाय ही. पण खाली काय पडलं
ते दाखव ना."
मग उलटं जावं लागलं.
चष्मा कपाळावर, एकेक पाहिला त्यांनी:
सोनेरी टाचेचा, चाकं लावलेला,
एक जांभळा,
त्याच्यापाशी जरा जास्तच थांबले.

पुन्हा सगळं लावलं. शेवटचा रकाना, वापर:
चालणे, धावणे, व्यायामशाळा.
डॉक्टरनी लिहून दिलंय चालणे.
माझं बोट तिकडं वळलं
तसं त्यांनी मनगट धरलं.
"धावणे कर."
आबा, गुडघा...
"बूट घेऊन राह्यलो मी, गुडघा नाही."

उरला एकच जोड.
खूप वेळ बघत बसले.
मग म्हणाले,
"काळा कोनी सांगितला व्हता?"