जबानी

गंगाखेडच्या दिवाणी कोर्टात सव्वीस वर्षं
मी लोकांचा ‘मी’ टाईप करतो.
पद्धतच तशी आहे. साक्षीदार काहीही म्हणो,
कागदावर तो प्रथमपुरुषी एकवचनीच उभा राहतो.

बारा वाजता सोजरबाईंचा पुकारा झाला.
वाटणीचा दावा. सव्वातीन एकर, भाऊ तिघं,
आणि ही वादी,
शपथ घेतानाही मागं वळून बघणारी,
सोबत कुणी बोलतंय का म्हणून.

‘त्या दिवशी कुठं होता?’
‘आम्ही खळ्यावर होतो.’
‘आम्ही म्हणजे कोण कोण?’
‘आम्हीच की.’
‘अजून कोण होतं?’
‘कुणी नव्हतं साहेब. आम्हीच.’
साहेब नवे, नाशिककडचे. चष्मा काढून माझ्याकडं बघितलं.
मी लिहिलं : मी एकटी होते.
खरं तर एकटी हा शब्द तिनं
तोंडातून काढलाच नव्हता.

उलटतपासाला लोमटे वकील उठले.
‘भावांनी विचारलं तेव्हा हक्क सोडायला तुम्ही हो म्हणालात.’
‘म्हणलं, बघा तुमच्या मनानं.’
‘म्हणजे हो.’
‘नाही ओ.’
‘मग नाही म्हणालात?’
‘असं तोंडावर नाही कसं म्हणावं? सणाला जायचं असतंय.’
मागच्या बाकावर थोरला भाऊ
चपलेचा अंगठा वरखाली करत बसलेला.
त्याला तेव्हाच कळलं होतं.
हे मला त्याच्या मानेवरून दिसलं,
पण मानेची नोंद घ्यायला रकाना नाही.

‘बाई, घरच्यांचं सोडा. तुम्हाला काय पाहिजे?’
बराच वेळ पंखाच बोलत राहिला.
मग म्हणाली, पण साहेबांना नाही :
‘दादा, आमचं आम्हाला दे.’

मी लिहिलं : मला माझा हिस्सा मिळावा.

वाचून दाखवताना तिनं मला मधेच थांबवलं.
‘ह्यात मी लई येळा आलंय बगा.’
मग हळूच,
‘जरा कमी नाही का व्हायचं?’
तांबोळी शिपायानं मनगट धरून अंगठा टेकवून घेतला.
शाई तिनं पदराला लावली नाही,
बाहेरच्या कडुनिंबाला पुसली.

माझी लेक आइंडहोवनला असते.
तीन वर्षांत तिला ‘बघू’ कळेनासं झालंय.
‘बाबा, दिवाळीला येऊ का नको? सरळ सांगा.’
मी म्हणलं, तुझ्या सोयीनं बघ.
तिनं सोयीनं बघितलं, आणि आली नाही.
तिचं काय चुकलं? वाक्य तसंच होतं.
ह्याच वाक्यावर माझी बहीण एकदा
पाथरीहून दोन गाड्या बदलून आली होती,
भाकरी बांधून, रागावून, चार दिवस राहायला.

रात्री मोबाईलवर लिहिलं :
मला तुझी आठवण येते.
शुद्धलेखनाची चूक एक नाही. वाचून पाहिलं.
ह्यात मी लई येळा आलो नव्हतो, एकदाच आलो होतो,
तरी खोडलं. लिहिलं :
आईला तुझी आठवण येते.

उत्तर लगेच आलं.
‘आईनं दुपारीच कळवलंय, बाबांना येते म्हणून.
नक्की कुणाला येते?’

रेघ लुकलुकत राहिली.
समोर साक्षीदार नाही, साहेब नाहीत,
कुणी मजकूर सांगेना.
आत भांडी विसळायचा आवाज थांबला.
‘काय म्हणायली ती?’
‘काही नाही. विचारायली, कसे आहात.’
‘मग सांगा की. म्हणावं,
आम्ही बरे आहोत.’