पाचवं गाणं, तीन मिनिटं अकरा सेकंद

अल्बमचं नाव आम्ही 'धोटा' ठेवलं
तेव्हा चौघांपैकी एकानंही धोटा हातात धरलेला नव्हता.
बँडचं नाव 'चौथा दिवस', म्हणजे पाणी यायचा दिवस.
सोलापुरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.
पुण्यात प्रत्येक कार्यक्रमाआधी सांगतो.

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत,
बंद पडलेल्या सायझिंगच्या मागची खोली.
भिंतींना दुय्यम मालाच्या चादरी ठोकलेल्या,
मोर उलटे विणले गेलेल्या.
मे महिना. पंखा लावला की माइकमध्ये यायचा,
बंद केला की तौफिक नदाफचा घाम स्नेअरवर टपकायचा
आणि तोही यायचा.
शिवलीला हत्तुरे दोन कडव्यांमध्ये
ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसायची.
टॉवेलला इथे तोटा नाही.

भिंतीपलीकडे नरसय्या बोद्दुल यांचे चार माग.
रात्री तासभर बंद ठेवा, आम्ही विनवलं.
ते म्हणाले, तासाचे पैसे कोण देणार, तुझं गाणं?
व्यंकटेश चिलवेरीनं खिसा उलटा केला.
चार गाण्यांपुरते निघाले.
म्हणून पाचव्या गाण्यात माग आहेत,
पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत,
आणि तौफिक बिचारा क्लिक सोडून त्यांच्याच मागे गेलाय.

मग समीक्षा आल्या.
मुंबईच्या एकानं लिहिलं,
पाचव्या गाण्यातला औद्योगिक गोंगाट
हा अत्यंत विचारपूर्वक केलेला प्रहार आहे.
साडेतीन तारे.
आठवडाभर आम्ही चहासुद्धा विचारपूर्वक सांडला.
पुण्याच्या बाईंना शिवलीलाचे उच्चार घासून घ्यायला हवे होते.
ती कानडीत जे म्हणाली ते इथे लिहीत नाही.
बास, त्यांच्या मते, असूनही नसल्यासारखा.
बास मी वाजवतो.
गावच्या पेपरनं फोटो छापला, खाली ओळ:
लग्नसमारंभासाठी नवा ऑर्केस्ट्रा सज्ज,
आणि व्यंकटेशचा नंबर.
तीन फोन आले. एका हळदीला वाजवून आलो.
रोख मिळाले.
तौफिकच्या अम्मीनं विड्या वळता वळता
सगळा अल्बम ऐकला, सूप बाजूला ठेवलं, म्हणाली,
'चौथा वाला झूठा लगा रे.'
चौथं आमचं सगळ्यात लाडकं.
त्यानंतर आम्ही ते कुठेच वाजवलेलं नाही.

दिवाळी झाल्यावर नरसय्या आले.
चपला दाराबाहेर काढल्या, याआधी कधी काढल्या नव्हत्या.
माग विकले होते. भंगारात, किलोवर.
'ते पाचवं लाव.'
खुर्ची दिली, बसले नाहीत.
स्पीकरकडे पाहिलंही नाही, फरशीकडे बघत उभे,
अनवाणी.
मागवाला पायानं ऐकतो, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.
तीन मिनिटं अकरा सेकंदांवर त्यांचं बोट वर गेलं.
'हा तीन नंबर. धागा तुटला.
मला ताप होता, राजव्वा होती त्यावर.
थांबवला बघ. गाठ मारतीय.'
मग बोट खाली. 'झालं. चालू.'

शंभरदा मिक्स केलं असेल आम्ही ते गाणं.
चार सेकंद चारातले तीनच माग चालतात,
हे कुणी लिहिलं नाही, आम्हालाही ऐकू आलं नाही.
राजव्वाकाकू. चार वेळा चहा पाठवला तिनं,
एकदाही ऐकायला आली नाही.

पुन्हा लावलं. पुन्हा.
तिसऱ्यांदा ते जरा संकोचले,
'ती गिटार थोडी बारीक होती का?'

व्यंकटेशनं स्वतःच्या हातानं गिटार खाली ओढली.
मग शिवलीलाचा आवाज, तिनं मान हलवल्यावर.
ड्रम तसेच ठेवावे लागले,
माग त्यांच्याच माइकमध्ये शिरले होते.
शेवटी मी माझा बास काढला.
'अरे, ते काय बंद केलंस?' नरसय्या म्हणाले,
'ते राहू दे. ते फरशीत येत होतं.'