स्पर्श आधी, शब्द नंतर

कालिंदी मतकर खो-खो सोडून रग्बीला गेली
हे मला चिमणबागेत पोहेवाल्यानं सांगितलं.
तिनं नाही.
नऊ वर्षं माझ्या शिटीवर पळालेली पोरगी.

दोन दिवाळ्या मी बोललो नाही.
तिच्या आईनं पाठवलेला चिवडा मात्र खाल्ला.

मग भाच्यानं मोबाइलवर लावून दिली मॅच :
कुठल्याशा परक्या देशात, चिखलात,
पाठीवर तेरा, गुडघ्याला पट्टी
आणि तो दुधी भोपळ्यासारखा चेंडू काखेत.
नियम विचारला तर म्हणाला,
मामा, पळायचं पुढं, चेंडू द्यायचा मागंच.
हा काय खेळ झाला, भिया?

तेवढ्यात तिघींनी तिला आडवं केलं.
पडता पडता, मान न वळवता
तिनं चेंडू मागं सोडला,
तिथं कुणीतरी असणारच
अशा हातानं.

मी खुर्चीतून उठलो.
हा हात माझ्या ओळखीचा.
चौकोनात बसलेल्या पोरीच्या पाठीवर
स्पर्श आधी, शब्द नंतर :
एवढ्यासाठी एक अख्खा मे महिना
रडवली होती हिला.

मार्चमध्ये आली. उजव्या कानाचं भजं झालेलं,
खांद्यात दोन स्क्रू.
जुन्या खांबाला टेकून उभी राहिली,
काही म्हणणार होती बहुतेक.

मी शिटी काढून तिच्या हातात दिली.
आठ पोरी बसल्याच होत्या,
एक इकडं तोंड करून, एक तिकडं.