चुन्याची निवळी

हरिपुरात आमचं एक पेव अजून चालू आहे.
बाकीची पुरानं बसली, काही बुजवली,
एकावर कुणी गाड्या धुण्याचं दुकान टाकलंय.

पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही,
एवढं आमच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक.
माती काढायची, फरशी सरकवायची,
रात्रभर त्याला वारं पिऊ द्यायचं.
आणि सकाळी कंदील सोडायचा.

कंदील सोडायचं काम माझं,
सात वर्षांची होते तेव्हापासून.
हात हलका म्हणून.
ज्योत आत जाता जाता लहान होते,
थरथरते,
आणि कुणी फुंकर न घालता जाते.
मग ओरडायचं, 'अप्पा, थांबा!'
तेवढंच.

ज्योत कुठे जाते, मी कधी विचारलं नाही.
खोटं कशाला बोलू, एकदा विचारलं होतं.
अप्पा म्हणाले, 'दोर धर नीट.'
मी नीट धरला.
चाळीस वर्षं.

त्रिशला माझ्या भावाची. आठवीत आहे.
शाळेत प्रदर्शनाला चौघांचा गट केला,
तिघा पोरांना दिवा, नळ्या, सगळं सामान,
आणि हिचं अक्षर वळणदार
म्हणून हिला वही.
घरी आली ती दप्तर आपटूनच.
'आत्या, पेव कधी उघडणार?'

शनिवारी बापाची चुन्याची डबी पळवली,
बरणीभर पाण्यात रिकामी केली, ढवळली,
रात्रभर कुणाला हात लावू दिला नाही.
सकाळी वरचं नितळ पाणी
दोन बाटल्यांत ओतून घेतलं, सांडू न देता,
मी तूप गाळते तसं.
'ही निवळी,' म्हणाली.

भाऊ काठावर उभा.
'पोरीच्या जातीचं पेवापाशी काय काम?'
मी म्हटलं, 'मग माझी जात कुठली होती रे?'
तो तंबाखू मळायला लागला.
चुना नव्हता.

दोराला तिनं फुटाफुटावर लाल धागा बांधलेला.
'आत्या, मोज.'
अकराव्या धाग्याला ज्योत गेली.
इतकी वर्षं मी म्हणायचे, 'खाली गेली.'
अकरा, हे मला कुठे माहीत होतं?

मग एक बाटली सोडली, उघड्या तोंडाची.
दुसरी काठावर, तशीच.
'का गं?' म्हटलं.
'तुलना करायला.'
पाव तास दोर हलवत बसलो,
पाळणा हलवावा तसा.

वर काढली तर पाणी पांढुरकं.
दुधासारखं नव्हे,
तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं.
काठावरची बाटली नितळच्या नितळ.

ती ओरडली नाही, नाचली नाही.
वही काढली.
या वेळी स्वतःची.

बाटली पुसायला मी पुढे झाले,
बोटं हळदीनं पिवळी, यार्डात निवडायला जाते रोज,
निवळी सांडली हातावर
आणि बोटं लाल झाली, पार कुंकवासारखी.
मालक गेल्यापासून हा रंग
माझ्या हाताला लागला नव्हता.
पदराला पुसायला गेले.
'थांब आत्या, पुसू नको,
हेही लिहायचंय.'

लिहून झाल्यावर मला समजावून सांगत बसली,
हळद म्हणे श्वास घेते,
पोत्यातल्या बटाट्यासारखी,
आणि तिचाच श्वास आत कोंडून राहतो.

मी ऐकून घेतलं.
मग म्हटलं, 'बाळ, बटाटा जिता असतो.
हळद आपण काहिलीत शिजवतो, उन्हात खडखडीत वाळवतो,
तेव्हा पेवात टाकतो.
मेलेली हळद श्वास कशी घेईल?
आत दुसरंच कोणीतरी आहे.'

पेन्सिल थांबली.
त्रिशलानं माझ्याकडे असं पाहिलं
की मलाच वाटलं, काही चुकलं का.

मग तिनं वहीचं शेवटचं पान उघडलं
आणि माझ्या देखत लिहिलं, वळणदार अक्षरात:
प्रश्न पहिला. पेवात श्वास कोण घेतं?
विचारणार: जिनमती भूपाल मगदूम.

नाव मी दोनदा वाचलं.
दोर अजून माझ्या हातातच होता.