तेरावा भाग

बारा भाग नुसती आरडाओरड.
तेराव्यात यंत्रमानव गुडघा टेकून बसलेला,
आणि ते वैमानिक पोर, नाव विसरलो,
त्याच्या घोट्यात वंगण भरतंय.
संगीत नाही. कुठेतरी नळ ठिबकतो.

"फाईट खंय हा ह्येच्यात?" हेरंब म्हणाला,
पण मोबाईल काही माझ्या हातात देईना.

देवगडात मासेमारीबंदीचे दिवस.
ट्रॉलर वर ओढलेला, झापांखाली.
शिमग्यापासून हेरंब त्यावर चढलेला नाही;
दाजी तारीची दोन बोटं विंचमध्ये गेली
तेव्हा खटक्यावर हाच होता.
कोणी काही बोललं नाही त्याला.
म्हणून तर.

पडद्यावर पोर म्हणतं, "बटण मीच दाबलेलं."
एवढंच. तेही यंत्राच्या गुडघ्याला.
आणि कॅमेरा हलत नाही,
घरात कोणी रडत असताना
दारातच उभ्या राहिलेल्या शेजाऱ्यासारखा.

मी म्हटलं, जरा स्लो आहे रे.
त्यानं मागे घेऊन पुन्हा लावलं.

आता रात्रीचा दीड.
मोबाईल उशाशी चार्जिंगला, अंथरूण रिकामं.
पडवीतला ग्रीसचा डबा जागेवर नाही,
आणि खाली, झापांच्या फटींतून,
टॉर्चचा उजेड
एकाच ठिकाणी बसलेला.