करंगळी

पन्नास किलोची गोणी पाठीवर घेताना
मी कधी हूं केलं नाही.
वाशीच्या कांदा-बटाट्यात एकतीस वर्षं.
मग एका पहाटे ट्रकच्या फळीवरून पाय सरकला,
मणका बोलला,
आणि तेव्हापासून
पेलाभर पाणी सांभाळवत नाही मला.

लघवी हा शब्द मी बायकोपुढेही
दार लोटून म्हणायचो.
चादर पहाटे चारला धुवायची,
गॅलरीत लुगड्याच्या आड वाळवायची.
लग्नाला गेलोच तर आधी मोजायचं
मांडवातून मोरी किती पावलं.
कोपरखैरणे ते सातारा, घशात एक थेंब नाही.

सिस्टर गायकर म्हणाल्या,
सेक्टर पंधराच्या बालवाडीत रविवारी काही जण बसतात.
बसून काय करतात?
चहा पितात.
चहा? आमच्यासारख्यांनी?
हो, पूर्ण कप.

पहिल्या रविवारी मी बारदानाची घडी पिशवीतून नेली,
बुडाखाली घालायला.
तिथे सगळ्या खुर्च्या बुटक्या, लाल-पिवळ्या, प्लॅस्टिकच्या,
एका फडक्यात कोरड्या होणाऱ्या.
रझिया आपा फ्लॅनेलच्या सहा घड्या शिवून देतात,
माप विचारतात, ब्लाऊजचं विचारावं तसं.
नेरूळचे एक मॅनेजर, प्रोस्टेट काढलेले, टाय लावून येतात.
बाळंतपणापासून शिंकेला भिणारी एक पोरगी
शिंकली,
गप्प झाली,
मग स्वतःच फिसकन हसली.

आणि घणसोलीची जुई मढवी, वय नऊ,
जन्मतःच पाठीच्या कण्यात फट.
"आजोबा, तुमचापण मणका?"
मी मान हलवली.
"माझापण," म्हणाली, आणि बिस्किटाचा पुडा पुढे केला,
परमुलखात गाववाला भेटावा तसा.

जुईच्या शाळेत धड संडास एकच.
त्याला कुलूप. चावी ऑफिसात. ऑफिसातल्या मावशी जेवायला.
तोवर जुईचं व्हायचं ते होऊन जायचं,
आणि बाकावर शेजारी कुणी बसायचं नाही.
मी म्हणालो, मी बोलतो.
मागण्या मांडणं मला नवं नाही.
हमालीच्या दरासाठी तीन-तीन दिवस गाळे बंद ठेवलेत आम्ही.

मोठ्या बाईंची केबिन. टेबलावर काच. काचेखाली वेळापत्रक.
टोपी हातात घेऊन मी उभा.
"बाई, आमची मागणी एकच आहे..."
आणि तिथेच.
गरम, मांडीवरून गुडघ्याकडे.
आपांच्या सहा घड्या होत्या, पण कापडालाही हद्द असते.
एकतीस वर्षांत मी वाटेत माल टाकला नव्हता.
पुढचं वाक्य कुठे गेलं कळेना.

तेव्हा जुईने हात वर केला.
मूठ मिटलेली, करंगळी उभी.
"बाई, मला जायचंय. आजोबांना घेऊन जाते,
मला एकटीला कडी लागत नाही."

कडी तिला लागते.
जायचंही नव्हतं, नंतर तिनेच सांगितलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. फरशीकडे पाहिलं.
ड्रॉवर उघडला.

गोवर्धन म्हणे करंगळीवर तोलला.
तोलला असेल.
पण ओझ्याची गोष्ट माथाड्याला सांगू नये.
खालून काठ्या लावणारे होते,
त्यांची हजेरी कुणी मांडली नाही, एवढंच.
त्यात एखादी नऊ वर्षांची असणार,
आणि एखादा म्हातारा, धोतर ओलं झालेला,
डोंगराखाली कुणाचं लक्ष जातंय म्हणून निवांत.

चावी परत कुणी मागितली नाही.
जुईच्या गळ्यात असते, काळ्या दोऱ्यात.
दोघी-तिघी मैत्रिणीही मागून नेतात आता,
त्यातल्या एकीला काहीच झालेलं नाही,
तिला फक्त चावी फिरवायला आवडते.

माझी चादर भिजायची थांबलेली नाही.
बदललं एवढंच की धुतो सात वाजता,
टाकतो पुढच्या दोरीवर, उन्हात.
परवा खालच्या मजल्यावरचा पोरगा
डोक्यावर थेंब पडला म्हणून वर बघत ओरडला,
"काका, पाऊस?"
म्हटलं, नाही रे बाबा,
मी.